एआयमध्ये मास्टर्स? आधी कागद बघा!

डोंबिवलीच्या फास्टमध्ये ठाणे येईपर्यंत खिशातला मोबाइल काढता येत नाही. त्यात रोज मुंबई गाठून एमएस्सी कोण करणार? म्हणून घरबसल्या एआयमध्ये ‘पीजी’ म्हटलं की मोह होणारच. पण दोस्तांनो, ईएमआयवर सही करण्याआधी बघा, हातात डिग्री पडणार की नुसतं सर्टिफिकेट? ऑनलाइन पदवी विद्यापीठच देतं, एडटेक कंपनी नाही. जाहिरातीत ‘मास्टर्स’ कितीही मोठ्ठं छापलेलं असो, यूजीसीच्या डीईबी वेबसाइटवर त्या विद्यापीठाचा तो कोर्स शोधाच. सर्टिफिकेट वाईट नसतं हो, पण त्यावर नेट देता येत नाही. आधी ‘स्वयम्’वर एनपीटीईएलचा मशीन लर्निंगचा कोर्स घ्या. शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. त्यातलं मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटीचं गणित झेपलं, की मग लाखांच्या फीचं बोलू.