भिंग कपाटात, विद्यार्थी बाहेर

विज्ञान पाठांतराने येत नाही, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक व्यासपीठावरून उच्चारले जाते. आणि सभा आटोपली की मुले पुन्हा पाठांतरालाच बसतात. आमच्या शिक्षकी पेशातील एक दृश्य अद्याप डोळ्यांपुढून हलत नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र एकच होते. फुटले तर भरून कोण देणार, या धास्तीने ते सदैव कुलूपबंद असे आणि तपासणीच्या दिवशी तेवढी त्याच्यावरील धूळ झटकली जाई. फळ्यावर पेशीची आकृती काढून आम्ही वर्षानुवर्षे शिकविले; पेशी मात्र एकाही मुलाने पाहिली नाही. त्या अपराधाचे आम्हीही वाटेकरी आहोत.

यंत्र महाग आहे, ही सबब आता टिकणारी नाही. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले व सध्या अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक तयार करून त्याचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध केला. 'फोल्डस्कोप' हे त्याचे नाव. त्याच्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्याही आत ठेवण्यात आला होता. सर्वत्र वाटल्या गेलेल्या नमुन्यातून वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी आणि डबक्याच्या थेंबातील जीवसृष्टी पाहण्यास एवढे पुरेसे आहे. रुग्णालयातील यंत्राची जागा तो घेणार नाही. परंतु जिज्ञासा जागविण्यास रुग्णालय लागत नाही. सतराव्या शतकात पाण्यातील सूक्ष्म जीव प्रथम पाहणारा लेवेनहुक हा डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी होता. विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता, भिंग मात्र त्याच्या स्वतःच्या हातात होते.

युगांडातील एका आरोग्य केंद्रात विजेअभावी निकामी झालेले सेंट्रिफ्यूज दाराला अडसर म्हणून लावलेले प्रकाश यांनी पाहिले. दोऱ्यात बटण ओवून गरगर फिरविण्याचे मुलांचे खेळणे हाताशी धरून त्यांच्या गटाने कागदी सेंट्रिफ्यूज बनविले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या साधनाची किंमत तेव्हा २० सेंट होती. ते मिनिटाला १,२५,००० फेरे घेते आणि दीड मिनिटाच्या आत रक्तातील द्रव वेगळा करते. जनुकशास्त्राची दारेही किलकिली होत आहेत. डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर पद्धतीच्या मूळ पेटंटांची मुदत अमेरिकेत २००५ साली संपली. पाणी घालताच काम करू लागणारी, शीतकपाटाची गरज नसलेली कोरडी जैवद्रव्ये वर्गातील प्रयोगांसाठी तयार झाल्याचे २०१८ साली जाहीर झाले.

मग अडते कोठे? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१५ साली प्रकाश यांच्या प्रयोगशाळेशी करार केला, हे योग्यच झाले. परंतु साधन वाटणे हे अर्धेच काम होय. शिक्षकाला ते हाताळण्याचा सराव नसेल, वेळापत्रकात त्यासाठी तास नसेल आणि परीक्षेत निरीक्षणाला गुण नसतील, तर कागदाचा सूक्ष्मदर्शकही त्याच जुन्या कपाटात जाऊन पडेल. कुलूप लोखंडाचे असते तितकेच मनाचेही असते.

जनुकांत फेरफार करण्याची साधने ज्याच्या त्याच्या हाती देणे धोक्याचे नाही काय, असा प्रश्न काही जाणती माणसे करतील. तो प्रश्न रास्त आहे. रोगजंतूंशी संबंधित प्रयोग कडक देखरेखीखालीच व्हावेत, याविषयी दुमत नाही. परंतु त्या भयाने कांद्याचा पापुद्राही मुलांपासून दूर ठेवणे म्हणजे आगीच्या भीतीने चूलच न पेटविण्यासारखे आहे. धोका ओळखण्याची शक्तीही ज्ञानानेच येते. अडाणी समाज अफवेला सर्वांत आधी बळी पडतो.

म्हणून आमचे शिक्षण खात्याला सांगणे एवढेच की, यंत्र मोडल्याचा भुर्दंड शिक्षकाच्या पगारातून वसूल करण्याची भीती प्रथम नाहीशी करावी, तालुक्याच्या गावी शिक्षकांचे सराववर्ग भरवावेत आणि मुलाने स्वतः पाहून काढलेल्या आकृतीला पाठ केलेल्या आकृतीहून अधिक गुण द्यावेत. वापरता वापरता मोडलेले यंत्र शाळेला भूषणावह आहे. कपाटात नवे कोरे राहिलेले यंत्र हाच खरा तोटा होय.