भेग न लपवणारा सुतार

हा अंक लाकूडकामाचा. तो जुळवताना जॉर्ज नाकाशिमा सतत डोळ्यांसमोर होते. शिक्षणाने ते वास्तुविशारद. १९३०च्या दशकात पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमात ‘गोलकोंडा’ या इमारतीच्या कामावर आले आणि तिथेच साधक झाले. श्रीअरविंदांनी त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव दिलं. १९४२मध्ये, केवळ जपानी वंशाचे म्हणून, अमेरिकेने त्यांना कुटुंबासह आयडाहोतल्या छावणीत डांबलं. तिथे एका जपानी सुताराच्या हाताखाली ते पारंपरिक हत्यारं चालवायला शिकले. अपमानाच्या त्या काळात त्यांनी पटाशी हाती धरली, याचं मला फार मोल वाटतं.

पुढे पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या कार्यशाळेत ते फळीची वेडीवाकडी नैसर्गिक कड तशीच ठेवत. तडा गेलेलं लाकूड फेकत नसत. फुलपाखराच्या आकाराचा तुकडा बसवून भेग थोपवत, तीही सगळ्यांना दिसेल अशी.

लाकडाच्या रेषा पाहून रंध्याची दिशा ठरवायची, उलट दिशेने मारला की लाकूड उसवतं. एवढ्या एकाच गोष्टीकडे लक्ष देताना दिवसभराचा शीण विसरायला होतो. हे सुख पोटासाठी सुतारकाम न करणाऱ्यालाही मिळतं, म्हणून या अंकातली बरीच पानं हौशी वाचकांसाठी राखली आहेत.