संगणकातली कागदपत्रे सांभाळा

मुलांच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, लग्नाचे फोटो, सारे आता घरच्या संगणकात असते. पण प्रत एकच. हार्ड डिस्क बसली की माहिती परत मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी खर्च मोठा.

दुसरा धोका चोराचा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरस सुमारे १५० देशांत पसरला. फाईलींना कुलूप घालून तो ३०० डॉलर मागे. त्याची वाट बंद करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घातले नव्हते, ते सापडले. म्हणून अपडेटची सूचना टाळू नये. नेटचा पॅक संपतो ही तक्रार आम्हांलाही मान्य आहे, तरीही टाळू नये.

वाचक बंधू-भगिनींना आमचे सांगणे एकच. पगाराच्या दिवशी सगळ्या फाईली बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा आणि तो काढून कपाटात ठेवा. कित्येक घरी तो कायम जोडलेलाच असतो. मग व्हायरस त्यालाही कुलूप घालतो. आणखी एक प्रत बहिणीकडे वा भावाकडे ठेवावी, घरात पाणी शिरले तरी ती वाचेल. उतरवलेल्या दोन-चार फाईली मात्र तिथल्या तिथे उघडून पाहाव्यात.