पंधरा मिनिटांचे अंतर कोणासाठी?

अमरावतीचे बेलोरा आणि अकोल्याचे शिवणी या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. एकाहून उडालेले विमान दुसऱ्यावर पंधरा-वीस मिनिटांत उतरेल. असे विमान नाही आणि ते कोणी मागतही नाही. तरीही हा हिशेब मांडणे भाग आहे. कारण बेलोऱ्यासारखी मुंबईची विमानसेवा शिवणीलाही हवी, ही मागणी अनेक वर्षे होत आहे.

बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी सेवा सुरू झाली. सुमारे ७० आसनांचे विमान, आठवड्यातून तीन फेऱ्या. म्हणजे आठवड्याकाठी एका दिशेने जाणारे जास्तीत जास्त २१० प्रवासी, एस. टी.च्या पाच गाड्यांत मावतील एवढे. त्यांची सोय होऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न अग्रक्रमाचा आहे.

शिवणीची धावपट्टी १९४३ मधील, लांबी सुमारे १४०० मीटर. बेलोऱ्याची १८५० मीटर आहे. शिवणीची वाढवायची तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीला हात लावावा लागतो. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या प्रदेशात संशोधनाची जमीन धावपट्टीखाली घालणे, याला विकास म्हणावयाचे काय?

यावर 'वऱ्हाडाच्या अनुशेषाचे काय?' असा सवाल केला जातो. सवाल रास्त आहे. उत्तर मात्र चुकीचे दिले जाते. १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला तो सिंचन, रस्ते, ग्रामीण वीज, शिक्षण, आरोग्य यांचा. त्या यादीत विमानतळ नव्हता. सिंचनाचा अनुशेष शिल्लक असताना विमानतळ पुढे करणे म्हणजे भाकरीच्या मागणीला अत्तराची कुपी देणे होय.

'उडान' योजनेत विमान कंपनीची तूट भरून काढण्यासाठी राज्याच्या तिजोरीलाही वाटा उचलावा लागतो. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार, या योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. अनुदान संपले की विमान जाते. जमीन मात्र परत मिळत नाही.

याच दोन शहरांच्या मधोमध मूर्तिजापूर आहे. तेथून एकीकडे अचलपूर, दुसरीकडे यवतमाळ अशी १८९ किलोमीटरची शकुंतला रेल्वे धावत असे. इंग्रजांच्या कंपनीने ती कापूस वाहून नेण्यासाठी बांधली. पुढे ती मजुरांची, विद्यार्थ्यांची, बाजाराला निघालेल्या बायाबापड्यांची गाडी झाली. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या आणि गाडी बंद पडली. तिच्यासाठी तुटीचे अनुदान कोणाला सुचले नाही! विमानाची तूट ती 'प्रादेशिक जोडणी' आणि गरिबांच्या गाडीची तूट तो 'तोटा', हे राज्यकर्त्यांचे अर्थशास्त्र आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. विद्यापीठाची जमीन विद्यापीठाकडे राहावी. अकोल्याच्या प्रवाशांसाठी बेलोऱ्याच्या उड्डाणांच्या वेळा साधणारी एस. टी. सुरू करावी, बडनेरा ते अकोला हा लोहमार्ग तर हाताशीच आहे. वाचलेला पैसा शकुंतलेला आणि खेड्यांच्या एस. टी.ला मिळावा. कार्यकर्त्यांनी हा हिशेब गावोगाव मांडावा. अचलपूरच्या मजुराला मूर्तिजापूर गाठण्यास किती वेळ आणि किती पैसे लागतात, यावरून वऱ्हाडातील अंतरे मोजली गेली पाहिजेत.