आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं

सरकारी रुग्णालयांत कांहीं अनर्थ घडला कीं आमच्या कारभाऱ्यांचा पहिला हात निलंबनाच्या कागदाकडे जातो. ता. ९ जानेवारी २०२१ रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० अर्भकें दगावलीं. ७ वांचविण्यांत आलीं. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले आणि कंत्राटी परिचारिकांस सेवेंतून काढून टाकण्यांत आलें. त्याच वर्षीं ६ नोव्हेंबर रोजीं तेव्हांच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण गेले, आणि एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिका यांस अटक झाली. ज्याचा दोष असेल त्यास शासन झालेंच पाहिजे, याविषयीं आमचा वाद नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. रात्रपाळीस उभ्या केलेल्या बाईच्या हातीं आग विझविण्याचें नळकांडें कोणी कधीं दिलें होतें काय? धुरानें भरलेल्या खोलींतून तान्हें मूल कोणत्या दारानें न्यावयाचें, हें तिला एकदां तरी करून दाखविलें होतें काय?

‘कर्मचाऱ्यांचा विकास’ हे शब्द उच्चारतांच आमच्या कचेऱ्यांतून जें निघतें तें आम्हीं पाहिलें आहे: एक सभागृह, एक व्याख्यान, चहा, फोटो आणि प्रमाणपत्र. त्यांतही वॉर्डांत राबणारी आया, वॉर्डबॉय आणि कंत्राटी परिचारिका यांस बोलावणें क्वचितच. जो उद्यां नोकरींत राहील कीं नाहीं याचा भरंवसा धनीच देत नाहीं, त्यास शिकविण्यावर तो धनी खर्च तरी कां करील?

यावर कोणी म्हणेल कीं, नियम लिहून द्या, तक्ते भिंतीवर लावा, म्हणजे झालें. या समजुतीचें खंडन आंकडेच करतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं तपासावयाच्या १९ बाबींची यादी काढली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती माणसांस समजावून, शिकवून वापरली, तेव्हां शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेंकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचें २००९ मध्यें प्रसिद्ध झालें. पुढें कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतांत तीच यादी सरकारी फर्मानानें लागू झाली. तेथील १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ सालीं निघाला, तों मृत्यूंत म्हणण्याजोगा फरक नाहीं! यादी पाळल्याच्या नोंदी मात्र जवळजवळ शंभर टक्के. या निष्फळतेचीं कारणें विद्वान लोक अनेक सांगतात. आम्हांस त्यांपैकीं एक ठळकपणें दिसतें. कागद पोंचला, शिकवण पोंचली नाहीं.

‘परिचारिका शिकावयास गेल्या तर वॉर्ड कोण सांभाळील?’ हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो बहुधा परिचारिकांच्याच तोंडून आम्हीं ऐकला आहे. जेथें एकीच्या अंगावर तिघींचें काम आहे, तेथें रिकाम्या जागा भरल्यावांचून शिक्षणाच्या गोष्टी सांगणें ही थट्टाच होय. तथापि जागा भरेपर्यंतही पाळी बदलतांना पंधरा मिनिटें, त्याच वॉर्डांत, त्याच यंत्रांवर, पगारी वेळांत कांहीं शिकवितां येतें. त्यास सभागृह लागत नाहीं. आणि यापुढें चौकशी समिती नेमली जाईल तेव्हां तिनें परिचारिकेचा जबाब घेण्यापूर्वीं वरिष्ठांकडून एक वही मागून घ्यावी: हिला काय शिकविलें, कोणत्या तारखेस, आणि शिकविणाऱ्याची सही कोठें आहे?