बांगड्या मोडण्याआधी

परवा भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीतली एक आई सीईटीच्या क्लासचं माहितीपत्रक घेऊन घरी आली. नवरा यंत्रमागावर कामाला. म्हणाली, "टीचर, बांगड्या मोडून फी भरू का?" मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, आता अकरावी सायन्सला.

मी म्हटलं, "आपा, आधी परीक्षा समजून घेऊ." एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, सुमारे 80 टक्के भर बारावीवर, 20 टक्के अकरावीवर. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. म्हणून पहिलं पुस्तक बालभारतीचं. ते ई-बालभारतीवर मोफत आहे. 'नीट' द्यायची असेल तर एनसीईआरटी हवं. तिथे चुकीला 1 गुण जातो.

मग मुलीला चार गणितं घातली. मी उर्दूत सांगितली तेव्हा सुटली, इंग्रजीत वाचताना अडली. हा दोष क्लासने जाणार नाही. तिला एक वही करायला लावली: कुव्वत म्हणजे फोर्स, तवानाई म्हणजे एनर्जी. रोज दहा शब्द.

तरीही क्लास लावायचा असेल, तर आधी दोन दिवस बसून पाहा. शंका विचारू देतात का? फी हप्त्याने घेतात का? ओबीसी दाखला असेल तर 'महाज्योती'च्या मोफत प्रशिक्षणाचीही चौकशी करा.

बांगड्या सध्या आपांच्या हातातच आहेत. सहामाहीचे गुण पाहून पुढचं ठरवू.