मैफलीचं बिल कोण भरतं?

मुंबई-पुण्यातल्या छोट्या गिगच्या जाहिराती चाळल्या की ४९९ हा आकडा वारंवार भेटतो. बाटाच्या चपलांवरची ती जुनी युक्ती असावी, असं समजून आपण पुढे जातो. कारण वेगळंच आहे. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही; त्याच्या वर गेलं की १८ टक्के लागतो. ही मर्यादा आधी अडीचशेची होती, जानेवारी २०१८ मध्ये पाचशे झाली आणि तिथेच बसून राहिली. आता जीएसटीत नोंदणी असलेल्या एखाद्या आयोजकाला वाटलं की तिकीट पाचशेवरून दहा रुपयांनी वाढवावं, तर? ५१० मधून कर गेला की त्याच्या हाती ४३२ उरतात. वाढवले दहा, गमावले ६८. म्हणून ४९९.

समजा, शंभर माणसांची जागा आहे आणि सगळी तिकिटं खपली. ४९,९०० रुपये झाले. त्यातून तिकीट विकणाऱ्या ॲपचा वाटा, साउंडवाल्याचे पैसे, भाड्याने आणलेला ड्रम किट आणि ॲम्प, गाण्यांच्या परवान्यांची फी, झालंच तर पोस्टर करणाऱ्या मुलीचे हजार-दोन हजार. उरलं ते चार जणांच्या बँडने वाटून घ्यायचं. ही चौघं तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये पदरचे पैसे घालून महिनोन् महिने घासत असतात. त्यातला ड्रमर अंधेरीहून येणार, झांजांची बॅग पाठीला लावून, आणि परत जाताना शेवटची लोकल चुकली तर रिक्षा करणार. जागेचं भाडं मी अजून धरलेलंच नाही.

‘तुम्ही गाण्यावर लिहायचं सोडून हिशेब काय मांडत बसता?’ असं विचारणारी पत्रं या सदराला येतात. उत्तर असं की, छोट्या जागेत गाणं कसं ऐकलं जाणार हे गवयाच्या आधी बिल भरणारा ठरवतो. पंचवीस हजारांच्या मैदानात त्याने फारसं बिघडत नाही, तिथे आवाजाची भिंतच एवढी मोठी असते. साठ-सत्तर माणसांच्या खोलीत मात्र सगळं त्याच्यावर असतं.

बहुतेक क्लबांत बिल बार भरतो. दाराचे पैसे बँडला, पेल्याचे मालकाला, अशी सर्वसाधारण वाटणी. याचा अर्थ सरळ आहे. डोळे मिटून दीड तास ऐकणारा आणि एका लिंबूपाण्यावर उठणारा श्रोता मालकाला परवडत नाही. त्याला हवी असतात सहा जणांची टोळी, एकीचा वाढदिवस, तीन फेऱ्या आणि त्यासोबत येणाऱ्या गप्पा. श्रोत्यांना शिस्त नाही म्हणून आपण कपाळाला आठ्या घालतो, पण त्या गप्पांवरच तर जागा चालते.

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातली अशीच एक जागा. एकटी मुलगी, गिटार घेऊन, स्वतःची गाणी गात होती. तिसऱ्या गाण्याचा शेवटचा अंतरा तिने अगदी खाली आणला, जवळजवळ पुटपुटण्याइतका. नेमका तेव्हाच बारमागच्या पोराने शेकर उचलला आणि बर्फ खडखडवायला सुरुवात केली. त्याचा काही दोष नव्हता, त्याचं कामच ते. ती थांबली. उजवा हात तारांवर तसाच ठेवून बर्फ संपेपर्यंत वाट पाहिली, त्या पोराकडे बघून मान हलवली आणि राहिलेली ओळ गायली. आधी हशा पिकला. मग पुढची दोन गाणी त्या खोलीत कुणी कुजबुजलंसुद्धा नाही. मैदानात गाणाऱ्याला शेकर ऐकू येत नाही, आणि थांबायचं म्हटलं तरी दिवे, पडदा, ट्रॅक हे सगळं सेकंदाला बांधलेलं असतं.

बार असूनही गाणं ऐकवता येतं, हे मुंबईने एकदा पाहिलेलं आहे. मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली सुरू झालेल्या ब्लू फ्रॉगमध्ये बसायच्या जागा गोल, खोलगट, एकीमागे एक चढत गेलेल्या होत्या. जेवणाऱ्यालाही मंचाकडे पाठ करून बसायची सोय नव्हती. वास्तुविशारदाने अर्धी शिस्त बांधकामातच घालून दिलेली. २०१६ मध्ये ती जागा बंद झाली. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या कमला मिलमधल्या आगीत १४ जीव गेले. तेव्हापासून अशा जागी शिरलो की मी आधी मंच बघत नाही, मागचं दार कुठे आहे आणि त्याच्यासमोर खोके रचलेले नाहीत ना, ते बघतो. तुम्हीही बघत जा.

दुसरं बिल प्रायोजक भरतो, आणि ही आपली खास मराठी तऱ्हा. प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव. राखीव जागा म्हणजे पहिल्या रांगेतले सोफे. त्यांवर पांढरे टर्किशचे टॉवेल घातलेले, आणि अर्ध्या कार्यक्रमापर्यंत ते रिकामे. सहा वाजताची वेळ. साडेसहाला दीपप्रज्वलन. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, प्रायोजकांचं मनोगत, आणि मनोगतात प्रायोजकांच्या आईंना गाण्याची किती आवड होती ते. तोवर आत ग्रीनरूममध्ये लावून ठेवलेले तानपुरे उतरलेले असतात. गायक बसतो तेव्हा पावणेआठ वाजलेले, आणि संयोजक हळूच कानाशी येऊन सांगतो, ‘दहाला आवरायचंय हं.’

दहाचा नियम खराच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, राज्य सरकार ठरवील ते वर्षातले थोडे दिवस सोडून. पहाटेपर्यंत रंगणारा ‘सवाई’ महोत्सव त्यानेच दहाला मिटू लागला आणि उत्तररात्रीचे राग मैफलीतून जवळजवळ हद्दपार झाले. पण याच नियमांत बंदिस्त सभागृहात, आतल्या आत, ऐकवण्याला सूट आहे. शेजाऱ्याची झोप मोडत नसेल तर चाळीस माणसांच्या बंद खोलीत रात्री एक वाजता दरबारी गायला कायद्याची ना नाही. ना असते ती हॉलच्या वॉचमनची, आणि शेवटच्या बसची.

फुकटाबद्दल थोडं कडू बोलतो. तीनशे रुपयांचा पॉपकॉर्न निमूट घेणारा आपला माणूस गाण्याचं तीनशेचं तिकीट दिसलं की विचारतो, ‘पास नाही का?’ पासावर आलेला उशिरा येतो, मध्येच उठतो, फोन घेतो. त्याचं काहीच गेलेलं नसतं. आणि आयोजक त्याला काही बोलू शकत नाही, कारण प्रायोजकाला सभागृह भरलेलं दाखवायचं असतं. तिथे श्रोता हा गिऱ्हाईक नसतोच, तो मांडवाची सजावट असतो.

तिसरं बिल वर्गणीचं. हे आपण शोधून काढलं, वाढवलं आणि आता विसरत चाललो आहोत. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ सालचा. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज काढला तो १९११ मध्ये. मुंबईत सांताक्रूझचं सबर्बन म्युझिक सर्कल, दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, गिरगावातला ट्रिनिटी क्लब, ही त्याच कुळातली नावं. वर्षाची वर्गणी भरायची आणि मग ठरलेल्या दिवशी जो कुणी गाईल-वाजवील त्याला ऐकायचं. नामवंताला ऐकायला जी वर्गणी, तीच कालच्या पोराला ऐकायला. त्यामुळे नवख्याच्या बैठकीलाही माणसं असत, आणि ती जाणती असत.

अशा एका बैठकीत, शाळेच्या हॉलमध्ये, मे महिन्यात, विलंबित ख्याल सुरू असताना मागे बसलेले एक आजोबा उठले आणि भिंतीशी जाऊन एकेक करत तिन्ही पंखे बंद करून आले. पंख्याच्या घरघरीत खर्जातला तानपुरा बुडत होता. पुढचा अर्धा तास माणसं घामाने निथळली, पण तक्रार कुणाचीच नाही. सतरंजीवर पुढे बसलेल्यांना तबलजीच्या डाव्या हाताचं मनगट बायाँवर घसरताना दिसत होतं. गायिकेने एक जागा अनपेक्षित घेतली तेव्हा पेटीवाल्याची बोटं क्षणभर मागे राहिली, आणि तो स्वतःशीच हसला. ती जागा तिला दुसऱ्यांदा साधली नाही. तिसऱ्यांदा साधली, तेव्हा हॉलभर ‘वाऽ’ गेली. तीन हजारांच्या मांडवात, दोन कॅमेरे तोंडावर असताना, कुठला गवई एक जागा तीनदा करून बघेल? तिथे तो जमलेलंच गातो. न जमलेलं गायला खोली लागते, आणि वर्गणी भरून बसलेला, घाई नसलेला श्रोता लागतो.

पण या मंडळांची आरतीही मला ओवाळायची नाही. कलाकाराचं पाकीट ‘घरचंच कार्य आहे’ म्हणून पातळ. सभासदांचं वय दरवर्षी बरोबर एका वर्षाने वाढतं, कारण नवा सभासदच होत नाही. विशीतली कुणी मुलगी चुकून आत आली तर ‘या, बसा’ म्हणण्याऐवजी दहा जण वळून बघतात. मध्यंतराच्या चहात सगळी चर्चा १९७२ च्या एका पुरियाची. ती ऐकून त्या मुलीने पुढच्या वेळी क्लबात जायचं ठरवलं तर दोष तिचा नाही.

गंमत म्हणजे, हाच सतरंजीचा प्रकार क्लबात वैतागलेल्या लोकांनी परत शोधून काढला. २००९ साली लंडनमध्ये एका गिगला गेलेले दोघे-तिघे लोकांच्या बडबडीला आणि फोनला कंटाळले आणि त्यांनी घरच्या दिवाणखान्यात मैफली भरवायला सुरुवात केली. त्याचं सोफार साउंड्स झालं, ते पुढे मुंबईतही आलं. जमिनीवर बसायचं, बोलायचं नाही, कोण गाणार ते आधी कळणार नाही. गिरगावच्या चाळीतल्या माणसाला यात नवल ते काय वाटावं! पण बिलाने त्यांचीही पाठ सोडली नाही. कलाकारांना फार कमी देतात म्हणून टीका झाली, आणि बिनपगारी राबवलेल्या स्वयंसेवकांपायी न्यूयॉर्कच्या कामगार खात्याशी तडजोड करून २०२० मध्ये साडेचार लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली.

ब्रिटनमध्ये आता वर्गणीचाच मोठा अवतार दिसतो आहे. २०१४ साली तिथे म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट स्थापन झाला. भाडं वाढलं की छोटी जागा मरते, हे ओळखून त्यांनी लोकांकडून पैसे उभे केले आणि २०२३ मध्ये मँचेस्टरजवळच्या ॲथर्टनमधली ‘द स्नग’ ही जागा चक्क विकत घेतली. आता भाडं वाढवणारा मालक म्हणजे श्रोतेच. मोठ्या मैदानातल्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड छोट्या जागांना द्यावा, अशीही त्यांची मागणी आहे. सरकारने ती ऐच्छिक म्हणून उचलून धरली. कोल्डप्लेने तर २०२५ च्या वेम्ब्ली आणि हलच्या कार्यक्रमांतल्या आपल्या मिळकतीचे दहा टक्के या ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं. उपकार म्हणून नाही. १९९८ च्या जानेवारीत ही मंडळी ‘स्टारफिश’ नावाने पहिल्यांदा वाजवली ती कॅम्डेनमधल्या लॉरेल ट्री नावाच्या एका पबात.

तेच कोल्डप्ले २०२५ मध्येच नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर तीन रात्री वाजवून गेले. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. अशा प्रत्येक तिकिटामागे शंभर रुपये बाजूला काढून त्यातून छोट्या जागांचं भाडं, अग्निशमनाची सोय, एक बरा मिक्सर यांना हातभार लावा, असं आपल्याकडे का मागू नये? पस्तीस हजार देणाऱ्याला शंभर जड होणार नाहीत. आणि ४९९ चं लोढणं काढायला जीएसटी परिषदेला एक ओळ बदलावी लागेल: पाचशेच्या जागी हजार. शास्त्रीय आणि लोककलाकारांच्या मानधनाला दीड लाखापर्यंत जीएसटीची माफी आहेच. पण गिटारवर स्वतःची मराठी गाणी गाणारी आमची ती शेकरवाली मुलगी शास्त्रीय की लोक? सरकारी वहीत ती दोन्हींत बसत नाही. (नोंदणीसाठी वर्षाला वीस लाखांची उलाढाल लागते, त्यामुळे तूर्त तिला भीती नाही.)

आणि मंडळांनी एक करून बघावं. वर्षाची वर्गणी तशीच ठेवावी, पण सहा बैठकींतली एक अशा मुलीला द्यावी आणि एक क्लबात, बार बंद ठेवून, भरवावी. सभासद कुरकुरतील. कुरकुरू देत, वर्गणी भरलेली आहे म्हणजे येतील तरी.

जाता जाता आयोजकांसाठी. मला पास पाठवू नका, तिकीट काढून येतो. फक्त खांबामागची खुर्ची तेवढी देऊ नका.